कोरसची जागा

आमच्या घरात एक पेटी होती आणि तिची एक काळी पट्टी अडकायची. एकदा दाबली की वर यायचीच नाही. भात्यात हवा असेपर्यंत ती एकटीच रडत राहायची आणि आबा गाता गाता तिला नखानं उचलून काढायचे. दुरुस्तीला मिरजेला न्यायचं, असं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं. शेवटी आबांनी आपल्यापुरता उपाय काढला: ती पट्टी लागणारच नाही अशा चाली बांधायच्या. त्यामुळं आमच्या गायन पार्टीची सगळी गाणी एका ठरावीक जागी लंगडल्यासारखी चालायची. मला ते लंगडणं आहे हेच माहीत नव्हतं. गाणं म्हणजे असंच असतं, असं मी धरून चालले होते.

आबा म्हणजे माझे वडील. शिरोलीच्या एका फौंड्रीत ओतलेल्या लोखंडाच्या कडा घासायच्या कामावर होते. त्या घासण्यानं त्यांचा डावा कान खाल्ला. डावीकडून हाक मारली तर उत्तर नाही, उजवीकडून कुजबुजलं तरी कळायचं. निदान आम्ही तसं समजत होतो. कधीकधी डावीकडून बोललेलंही त्यांना बरोबर पोचलेलं असायचं, विशेषतः ते त्यांच्याचबद्दल असलं तर. आई म्हणायची, "त्यांचा कान बंद न्हाय, दार लोटलंया नुसतं." आमचं घर पेठ वडगावात, बुद्धविहाराला लागून. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी पार्टीची आठ माणसं आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, जमायची. ढोलकीवर थापा पडायच्या, आत आई भडंग परतत असायची, लसणाचा खमंग वास पेटीच्या भात्यातसुद्धा शिरायचा. चपला बाहेर. गाताना पायात चप्पल नको, हा आबांचा दंडक होता; स्टेजवर असो की सोप्यात.

आई आणि मी कोरसात. मी आठ वर्षांची असल्यापासून. आबा ओळ सोडायचे आणि आम्ही ती उचलायची. त्यांनी स्वतः बांधलेलं एक गाणं होतं, प्रत्येक लग्नात, बारशात, जयंतीला आधी त्याचीच फर्माईश व्हायची. आबा विचारायचे, "कुणी लावली सांगा या घरात वात?" आणि चार मात्रांच्या मोकळ्या जागेत आम्ही उत्तर द्यायचं, "आम्ही लावली, आम्ही!" एका तालमीत मी पेंगले आणि ती जागा हुकली. आबांनी पेटी थांबवली. रागावले नाहीत, पण मला समोर बसवून म्हणाले, "प्रज्ञा, मी चुकलो तर लोक हसत्यात. कोरस चुकला तर गाणं पडतंय. ती जागा मोकळी सोडायची न्हाय. कोण न्हाय म्हणालं तर आपुन म्हणायचं." ते वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकलं.

पुढं मी कॉलेजला कोल्हापुरात जाऊ लागले. कोल्हापूर म्हणजे मोठं खेडं, असं पुण्याची माणसं म्हणतात, खुशाल म्हणोत. रोज सकाळी यष्टीतून उतरणाऱ्या मला त्याहून मोठं शहर कुठं असेल हे खरं वाटत नव्हतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी टाळ्यांनी कुणाला तरी ताल दिला, तो बघून रोहननं मला गाठलं. रोहन राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांचा मुलगा. गिटार वाजवायचा, इंग्रजी गाणी लिहायचा आणि गायचा. त्याच्याबरोबर ड्रमवर बंटी. कळंब्याचा, घरी म्हशी, सकाळची धार काढून, दूध घालून मग कॉलेजला येणारा. त्याचा हात गणपतीच्या ताशावर तयार झालेला. त्यांना बेस गिटार वाजवायला माणूस हवा होता. रोहनच्या मावसभावानं टाकून दिलेली ती गिटार मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, हिच्या दोन तारा तुटल्यात. "चारच असत्यात हिला," बंटी म्हणाला, "मलाबी तसंच वाटलेलं." बँडचं नाव होतं 'मागचा बाक'.

आमचे कार्यक्रम कुठं व्हायचे हे आज सांगितलं तर मी शिकवते त्या शाळेतल्या मुली हसतात. एकदा ब्यूटी पार्लरच्या वरच्या गच्चीवर. दोनदा एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये, दुपारची पंगत उठल्यावर. फरशी ओली, हवेत मसालेभात. पण आमची हक्काची जागा म्हणजे राजारामपुरीतल्या एका कोचिंग क्लासची पहिल्या मजल्यावरची खोली. रविवारी दुपारची बॅच सुटली की बाकं एकावर एक रचायची आणि फळ्यापुढं ड्रम मांडायचे. फळ्यावर गणितं असायची आणि कोपऱ्यात चौकट करून 'पुसू नये'. स्पीकर गणपतीच्या मंडपवाल्याचे, खोक्यांवर त्याच्या नातवाचं नाव रंगवलेलं. तीस-चाळीस पोरं यायची, चार-दोन मुली. कुणी बसायचं नाही. सगळे उभे राहून फळ्याकडं बघत माना हलवायचे. मला यातलं काहीएक कळत नव्हतं. दीपप्रज्वलन नाही, नारळ नाही, सत्कार नाही, प्रास्ताविक नाही. कार्यक्रम सुरू कधी झाला तेच समजायचं नाही, कारण वाद्यं जुळवणं आणि वाजवणं यातला फरक मला बरेच दिवस लागला नाही. 'वन्स मोअर' कुणी म्हणायचं नाही. गाणं आवडलं की नाही हे कुणाच्या तोंडावर दिसायचं नाही. तरी दुसऱ्या रविवारी तीच तोंडं परत. आणि तरी, बेसची जाड तार छेडली की ती तळपायातून वर यायची आणि मला वाटायचं, मला हेच पाहिजे होतं. हेच म्हणजे काय, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

रोहनच्या आईनं पहिल्या भेटीत विचारलं होतं, "वडगावात कुठं राहता गं?" मी म्हणाले, "बाजारपेठेकडं." "वडील काय करतात?" "नोकरी." आडनाव मी सांगितलं नाही. त्या पोहे देत होत्या आणि सहज विचारत होत्या. त्यांच्या विचारण्यात काही नव्हतंही कदाचित. पण आम्ही बौद्ध, विहाराला लागून घर, वडील भीमजयंतीला गातात, हे सगळं माझ्या जिभेवर येऊन परत गेलं. तेव्हा कुणी विचारलं असतं, तुला लाज वाटते का, तर मी भांडायला उठले असते. लाज नव्हती, खरंच नव्हती. मग काय होतं? इतकी वर्षं झाली, मला त्याला नाव सापडलेलं नाही. एकदा लपवलं की पुढचं लपवणं आपोआप होतं, एवढंच मला माहीत आहे.

मग ती चाल. एका दुपारी तालमीत रोहन नव्या गाण्यासाठी काहीतरी शोधत होता आणि माझी बोटं आपसूक आबांच्या गाण्यावर गेली. संथ, जाड तारांवर. रोहन थांबला. "हे काय आहे? मधला एक सूर का गाळतेस तू? भारी वाटतंय." अडकलेली पट्टी त्याला कुठली माहीत असणार! मी म्हणायला हवं होतं, ही माझ्या वडलांची चाल. मी म्हणाले, "असंच सुचलं." त्यानं त्यावर शब्द बसवले, एका खिडकी नसलेल्या खोलीबद्दल. त्याच्या घराला सोळा खिडक्या होत्या, पण ते असो. कोरसच्या जागी काय करायचं, मला कळेना. तिथं शब्द घातले तर शब्द आबांचेच येणार. म्हणून मी म्हणाले, इथं सगळ्यांनी थांबायचं. चार मात्रा काहीच नाही. बंटीनं काठ्या वर धरून ठेवल्या आणि खोलीत एकदम अशी शांतता झाली की रोहनच्या अंगावर काटा आला. दोन कार्यक्रमांत ते गाणं आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. पोरं त्या शांततेची वाट बघत उभी राहायची. मीच काय ती मान खाली घालून चार आकडे मोजायची.

कार्यक्रमाचं पत्रक माझ्या वहीत आबांना सापडलं. 'रविवार, दुपारी चार.' त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. पोरीचा कार्यक्रम म्हणजे घरच्यांनी जायचं. मी म्हणाले, "आबा, तुम्हास्नी न्हाय आवडायचं. लई मोठा आवाज असतोय."

"मोठ्या आवाजाला मी भितोय व्हय?" आबा म्हणाले. "फौंड्रीत काय अंगाई गात्यात?"

आईनं भडंग करायला घेतलं. कार्यक्रमाला येतील तेवढ्या लोकांना पुरेल एवढं. मी सकाळीच पुढं निघून आले आणि वाटभर हिशेब करत होते की ते गाणं आज गाळता येईल का. रोहनला काय सांगायचं? बोट कापलं म्हणायचं? मला भीती नेमकी कसली होती, तेही धड कळत नव्हतं. आबा चाल ओळखतील याची, की त्यांनी ओळखलेली पोरांना कळेल याची? आपल्या गाण्यातलं उत्तर काढून टाकून पोरीनं तिथं भोक पाडलंय, हे बघून त्यांना काय वाटेल, याचा विचार आला की मी परत पहिल्यापासून हिशेब करायला घ्यायचे. रोहननं यादी फळ्यावर लिहिली, 'पुसू नये'च्या खाली. ते गाणं सगळ्यात शेवटी होतं.

साडेतीनलाच दोघं हजर. आबांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन; आईच्या हातात भडंगाचा डबा. पोरं बाकांची उतरंड करत होती. बंटी पुढं झाला, "या पावणं, बसा," म्हणाला आणि सरांची खुर्ची ओढून आणली. आईला एक बाक काढून दिलं. "मी बसतो हितंच, तुम्ही करा तुमचं काम," आई म्हणाली. मी तारा जुळवत असल्याचं सोंग करत होते. बंटी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "कोण गं ह्ये?"

मी म्हणाले, "आमच्या गावाकडचे हायत."

आबा माझ्यापासून चार पावलांवर होते. खुर्चीची जागा बदलत होते, अर्धे वळलेले. ते वाक्य बोलून झाल्यावर मी बघितलं, आणि तेव्हा ते फळ्यावरची गणितं वाचत होते. पण मी बोलले त्या क्षणी त्यांचा कुठला कान माझ्याकडं होता? आज तीसएक वर्षं मी ती खोली डोळ्यांपुढं मांडतेय. खुर्ची इथं, खिडकी तिथं, बंटी माझ्या उजव्या हाताला. कधी डावा कान येतो, कधी उजवा. ज्या रात्री झोप लागायला हवी असते त्या रात्री डावा येतो.

कार्यक्रम सुरू झाला. आबा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, आजूबाजूला पोरं उभी. दर गाणं संपलं की ते एकटेच जोरात टाळ्या वाजवायचे, मग पोरंही ओशाळून वाजवायची. मग ते शेवटचं गाणं आलं. सुरुवात माझ्या एकटीची होती, नुसती बेस. मी दोन ओळी वाजवल्या. गाळलेला सूर आला, म्हणजे आला नाही, आणि मी वर बघितलं. आबांनी एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली. मग दुसरी. दोन्ही जोडून खुर्चीखाली सारल्या आणि ते उभे राहिले. रोहन खिडकी नसलेल्या खोलीबद्दल इंग्रजीत गात होता, आणि आबा डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात, आपले शब्द म्हणत होते.

ती जागा आली. बंटीच्या काठ्या वर थांबल्या, रोहनचा हात थांबला, माझा थांबला. चाळीस पोरं श्वास धरून उभी. आणि त्या शांततेत आबांनी खणखणीत आवाजात ओळ उचलली, "आम्ही लावली, आम्ही!"

सगळ्यांच्या माना वळल्या. रोहनचा पुढचा सूर अर्धी मात्रा उशिरा आला. कुणीतरी हसलं, कुणीतरी "श्शू" केलं. आबांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुकही नव्हतं. तालमीत कुणी पेंगलं की असायची तीच काळजी होती, गाणं पडायला नको ही. त्यांना वाटलं असणार, पोरांचा कोरस हुकलाय. दुसऱ्यांदा ती जागा आली. आता डबा बाकावर ठेवून आईही उभी होती. दोघांनी मिळून म्हटलं. आईचा आवाज वरच्या पट्टीत, वर्षानुवर्षं माझ्या शेजारी असलेला. त्याच्या बाजूला माझ्या आवाजाची जागा रिकामी होती, ती मला ऐकू येत होती. तोंड उघडायचं होतं फक्त. शब्द माझ्या दाताआड तयार होते, कुणी शिकवायचं नव्हतं. मी चार आकडे मोजले. तिसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा पोरांनीही ओळ उचलली, अर्थ न समजता, मुठी वर करून. बंटीसुद्धा ओरडला. त्या खोलीत गप्प राहिलेली मी एकटीच होते.

त्या पोरांनी पहिल्यांदाच 'वन्स मोअर' दिला. रोहन घामानं भिजून माझ्याकडं आला. "हे तू ठरवलं होतंस? भारी! पण त्यांना आपलं गाणं कसं माहीत? कोण आहेत ते?" आई भडंगाचा डबा फिरवत होती, पोरं ओंजळी पुढं करत होती. आबा खाली वाकून चपला घालत होते. सांगायला इतकी सोपी वेळ आयुष्यात परत येणार नव्हती, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणाले, "त्यांची यष्टी चुकंल. मी स्टँडवर सोडून येतो त्यांना." गिटार बंटीच्या हातात दिली. त्यानं ती घेतली आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. पुढं खूप वर्षांनी, त्याच्या मुलीच्या लग्नात, मी त्याला सगळं सांगायला गेले तर तो हसायला लागला. म्हणाला, "तुझं आन् तुझ्या वडलांचं नाक बघितलं की म्हशीलाबी कळंल. मी आपला गप बसलो. म्हटलं, हिला सांगायचं आसंल तवा सांगंल." म्हणजे मी ज्याच्यापासून लपवत होते त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. मग मी नेमकं कुणापासून लपवत होते? विचारायला आता आबा नाहीत, आणि असते तरी मी विचारलं असतं असं वाटत नाही.

स्टँडवर पेठ वडगावची गाडी लागलेलीच होती. मी त्यांना बसवून परत फिरणार होते. बाकं मांडायची होती, मंडपवाल्याचे स्पीकर द्यायचे होते. पण आई खिडकीशी बसली, आबा तिच्या शेजारी, आणि मी खाली उतरायचं सोडून तशीच उभी राहिले. गाडी हलली. आबांनी वर बघितलं. आईला म्हणाले, "तू बस हितंच." ते उठले, मागच्या मोकळ्या बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी मला आपल्या उजव्या हाताला बसवून घेतलं. चांगला कान माझ्याकडं. टोलनाका गेला, उसाची शेतं लागली. आबा मांडीवर बोटांनी ताल धरत होते, त्या जागेपर्यंत यायचे आणि थांबायचे. मला वाटलं, आता विचारतील. चाल कुणाची, असं विचारतील. गावाकडचे कोण, असं विचारतील. मी दोन्हीची उत्तरं शोधत होते आणि एकही सापडत नव्हतं.

शिरोलीच्या पुढं ते म्हणाले, "चांगलं वाजवलंस. पाय धरून ठिवतंय ते तुझं वाद्य." मग थोडं थांबून, "तुमचा कोरसवाला आला न्हवता व्हय आज?"

मी त्यांच्या उजव्या कानाकडं बघत म्हणाले, "आलता की, आबा. पर गप बसला."

आबांनी मान हलवली. खिशातून भडंगाची पुडी काढली, ती माझ्या मांडीवर उघडली आणि म्हणाले, "असू दे. गळा बसला आसंल."